पायरी दिसते, आकडा दिसत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२५च्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑगस्टच्या सुरुवातीला एका शनिवारी बोरिवलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, जरा येऊन जातेस का? हा दोन दिवस धड जेवलेला नाही. खोलीचं दार लावून बसतो. विचारलं तर म्हणतो, माझी रँक गेली."

मी घाटकोपरच्या एका महाविद्यालयात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि आता मुलुंडला निवृत्तीचे दिवस काढते आहे. भाचा नुकताच दहावी झालेला. रँक गेली म्हटल्यावर मला वाटलं, अकरावी प्रवेशाच्या यादीत नाव खाली गेलं असणार. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी आणि पुन्हा लोकलने बोरिवली अशी मजल मारून पोचले, तेव्हा कळलं की ही रँक शिक्षणातली नव्हेच. ती कॉम्प्युटरवरच्या एका खेळातली होती. बहिणीने कपाळाला हात लावला. "आता याच्यासाठी उपाशी राहायचं!"

मला मात्र हसू आलं नाही. एका गुणाने वर्ग हुकलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. आकडा विद्यापीठाच्या कागदावर छापलेला असो की पडद्यावर, सोळाव्या वर्षी तो सारखाच लागतो.

भाचा म्हणाला, "मावशी, तुला नाही कळणार." मी म्हटलं, "सांगून तर बघ. माझा सगळा जन्म आकड्यांत गेलाय."

त्याने सांगितलं ते असं. हा नेमबाजीचा खेळ, पाच विरुद्ध पाच. समोरचे आणि आपल्या बाजूचेही बहुतेक अनोळखी. कुणी अंधेरीचा, कुणी चेन्नईचा. प्रत्येकाला एक पायरी असते. सगळ्यांत खाली लोखंड, मग ब्राँझ, चांदी, सोनं, प्लॅटिनम, हिरा आणि त्याच्याही वर आणखी काही. प्रत्येक धातूच्या तीन पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला शंभर गुण. जिंकलं की गुण वाढतात, हरलं की कमी होतात. शंभर भरले की वरची पायरी, संपले की खालची. मुलांच्या भाषेत याला 'रँक पुश करणं' म्हणतात आणि इमारतीतल्या मुलांमध्ये कोण कुठल्या पायरीवर आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं.

"आणि सिस्टीम मला मुद्दाम हरवते," तो म्हणाला. "जिंकलो तर बारा गुण देते, हरलो तर चोवीस कापते. ही काय पद्धत झाली?"

इथे माझे कान टवकारले. जिंकण्याचे बारा आणि हरण्याचे चोवीस! याचा अर्थ एकच. दुकानाच्या दर्शनी पाटीवर एक आकडा आहे आणि गल्ल्याखालच्या वहीत दुसराच.

एलोसाहेबांचा तराजू

ही वही समजून घ्यायची तर आधी बुद्धिबळाकडे जायला हवं. आर्पाद एलो हा मूळचा हंगेरीचा माणूस. लहानपणीच अमेरिकेला गेला, पुढे मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागला. बुद्धिबळात विस्कॉन्सिन राज्याचं विजेतेपद त्याने अनेकदा मिळवलं होतं. त्याने बसवलेली गुणांकनाची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० साली स्वीकारली आणि 'फिडे' या जागतिक संघटनेने १९७० साली. आज वर्तमानपत्रात आपण खेळाडूच्या नावापुढे '२७०० एलो' असं वाचतो, ते यावरूनच.

त्याची कल्पना सोपी आहे. रेटिंग म्हणजे बक्षीस नव्हे, अंदाज आहे. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर शंभर डावांत प्रत्येकाला पन्नास गुण मिळतील. दोनशेचा फरक असेल तर वरच्याला सुमारे ७६, चारशेचा असेल तर सुमारे ९१. डाव झाल्यावर पाहायचं, अंदाज किती चुकला. जितका चुकला तितका आकडा हलवायचा.

समजा, १५०० रेटिंगची मुलगी १७०० वाल्या काकांशी खेळली. अंदाज काकांच्या बाजूने. ती हरली तर तिचे जेमतेम पाच गुण जातात, कारण ते अपेक्षितच होतं. पण जिंकली तर पंधरा गुण मिळतात. म्हणजे एकाच डावातल्या विजयाची आणि पराभवाची किंमत वेगळी असू शकते. त्यात अन्याय काही नाही. आपला अंदाज चुकला, तो सुधारून घेतो, एवढंच ती पद्धत म्हणते.

एलोला आपल्या तराजूबद्दल भलता अभिमान नव्हता. रेटिंग काढणं म्हणजे पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखं आहे, अशा अर्थाचं तो म्हणत असे. हे वाक्य मी वर्गात दर वर्षी सांगत असे. त्या दिवशी भाच्यालाही सांगितलं.

पाटी वेगळी, वही वेगळी

बुद्धिबळात हा आकडा उघड असतो. कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच खेळांत मात्र तो झाकलेला असतो. मुलं त्याला 'एमएमआर' म्हणतात. जोड्या लावण्यासाठी ठेवलेलं रेटिंग. तुमच्यासमोर कुणाला उभं करायचं हे प्रामुख्याने या वहीतल्या आकड्यावरून ठरतं. सोनं, हिरा वगैरे जे दिसतं ती दर्शनी पाटी.

मग पाटी हवीच कशाला? यामागे एक खरं शास्त्रीय कारण आहे. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी 'एक्सबॉक्स'वरच्या खेळांसाठी 'ट्रूस्किल' नावाची पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात. एक, त्याचं कौशल्य किती असावं याचा अंदाज. दुसरा, त्या अंदाजाबद्दल आपण किती साशंक आहोत. नव्या खेळाडूचा अंदाज २५ धरतात आणि शंकेचा आकडा सुमारे ८.३३. दाखवताना अंदाजातून शंकेची तिप्पट वजा करतात. पंचवीसातून पंचवीस गेले, उरलं शून्य! म्हणजे वहीत तो मध्यम दर्जाचा खेळाडू असतो आणि पाटीवर शून्य. जसजसे सामने होतात तसतशी शंका कमी होते आणि पाटी वर सरकते.

क्रिकेटचं उदाहरण घ्या. एकाने पहिल्याच सामन्यात शंभर काढले, त्याची सरासरी शंभर. दुसऱ्याने पन्नास सामने खेळून सरासरी पंचेचाळीस राखली. संघात कुणाला घ्याल? आपण दुसऱ्याकडे झुकतो, कारण त्याच्या आकड्याची खात्री आहे. यंत्रही तेच करतं.

यातून भाच्याचं एक कोडं सुटलं. "सुरुवातीला मी भराभर वर गेलो आणि मग दोन महिने सोन्याच्या दुसऱ्या पायरीवर अडकलो," असं तो सांगत होता. तो अडकला नव्हता. सुरुवातीला यंत्राला त्याची ओळख नव्हती, म्हणून ते मोठ्या उड्या मारून अंदाज घेत होतं. ओळख पटल्यावर पावलं लहान झाली.

पण झाकण्यामागे सगळंच शास्त्र आहे असं नाही, व्यवहारही आहे. खरा आकडा काही दिवसांनी एका जागी येतो आणि तिथल्या तिथे हेलकावत राहतो. तो पाहायला रोज कोण येईल? म्हणून खेळ चालवणाऱ्या कंपन्या मोसम ठरवतात. नवा मोसम आला की पाटी थोडी खाली सरकवतात, वही बहुतांशी तीच ठेवतात. मग खेळाडू पुन्हा भराभर चढतो आणि त्याला प्रगती झाल्यासारखं वाटतं. पुष्कळदा तो फक्त आपल्या जुन्याच घरी परतलेला असतो.

आकडा दाखवावा की नाही, याबद्दल या धंद्यातही एकमत नाही. 'लीग ऑफ लीजंड्स' या खेळात सुरुवातीला आकडा दिसत असे. २०१३ साली तो झाकून पायऱ्यांची पद्धत आणली. त्याच वर्षाच्या शेवटी 'डोटा २' या खेळाने उलट केलं, आकडा खेळाडूला उघड दाखवला. आणि २०१७ मध्ये त्याच्या जोडीला पदकं आणली. आकडा दाखवला तर माणसं त्यालाच चिकटून बसतात. झाकला तर यंत्रावर संशय घेतात.

मुंबईकराला हे सारं परकं वाटू नये. आपली कांगा लीग पाहा. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात चिखलाच्या मैदानांवर चालणारी ही स्पर्धा 'ए'पासून 'जी'पर्यंत गटांत विभागलेली आहे. समजा, खालच्या गटातल्या एखाद्या संघाकडे यंदा दोन उत्तम खेळाडू आले. त्यांची ताकद आजच वरच्या गटाची झाली, पण पाटी खालचीच राहिली. ती बदलायला मोसम संपावा लागेल, बढती मिळावी लागेल. ताकद आणि गट यांत तेवढा काळ अंतर राहतं. भाच्याच्या खेळातही हेच अंतर आहे. फरक एवढाच, की तिथे हे अंतर भरून काढायचं काम यंत्र प्रत्येक सामन्यानंतर करत असतं.

ते कसं? वही पाटीच्या वर असेल, तर जिंकल्यावर जास्त गुण आणि हरल्यावर कमी. पाटीला वर ओढायचं. वही पाटीच्या खाली असेल, तर जिंकल्यावर कमी आणि हरल्यावर जास्त. पाटीला खाली आणायचं. दोन्ही जुळल्या की जिंकण्याचे आणि हरण्याचे गुण जवळपास सारखे.

"म्हणजे," मी भाच्याला म्हटलं, "बारा आणि चोवीसचा अर्थ हा, की तुझी पाटी तुझ्या वहीपेक्षा बरीच वर लटकते आहे. ती तिथे गेली कशी?"

तो गप्प बसला.

तीन हजारांचा हिरा

थोड्या वेळाने उठून त्याने दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं. दहावीच्या निकालाला आजीने, म्हणजे माझ्या आईने, त्याला तीन हजार रुपये दिले होते. ते त्याने एका अनोळखी मुलाला ऑनलाइन दिले. सोबत आपल्या अकाउंटचा पासवर्डही. त्या मुलाने चार-पाच दिवस याच्या नावाने खेळून याला हिऱ्याच्या पहिल्या पायरीवर नेऊन ठेवलं. मुलं याला 'बूस्टिंग' म्हणतात. इमारतीतल्या मित्रांनी लगेच याला आपल्या संघात घेतलं. आणि मग हा खेळू लागला. आठवड्याभरात त्यांनी त्याला संघातून काढलं.

"आजीला सांगू नकोस," तो म्हणाला. दोन दिवस घास का उतरत नव्हता ते मला तेव्हा कळलं.

रागावण्यापेक्षा मी वही मागितली. खेळाच्या नोंदींत मागचे चाळीस सामने दिसत होते. आम्ही दोघांनी बसून ते उतरवून काढले. पहिल्या दहांत तो एक जिंकला होता, नऊ हरला होता. प्रत्येकी साधारण अठरा गुण, मिळालेले किंवा गेलेले. त्यानंतरच्या तीस सामन्यांत सतरा जिंकला, तेरा हरला. पण जिंकल्याचे बारा आणि हरल्याचे चोवीस. सतरा गुणिले बारा, दोनशेचार. तेरा गुणिले चोवीस, तीनशेबारा. हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकूनही एकशेआठ गुण गेले, म्हणजे एक अख्खी पायरी! कुणालाही वाटेल की यंत्राने लुबाडलं.

पण वहीच्या बाजूने वाचा. त्या मुलाने जिंकलेल्या सामन्यांनी पाटीबरोबर वहीतला आकडाही फुगला होता. म्हणून पहिल्या दहा सामन्यांत समोर खरे हिरे आले आणि याचा धुव्वा उडाला. यंत्राला आपली चूक लगेच उमगली आणि झाकलेला आकडा झपाट्याने खाली आला. अकराव्या सामन्यापासून समोर याच्याच तोडीची मुलं येऊ लागली, म्हणून तीसपैकी सतरा जिंकता आले. वहीने त्याला शोधून काढलं होतं. पाटी मात्र अजून वरच लटकत होती, ती हळूहळू उतरत होती. बारा आणि चोवीसच्या हिशेबात जागच्या जागी राहायलासुद्धा तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात आणि बरोबरीच्या खेळाडूंशी ते कुणालाच जमत नाही.

म्हणजे आपण जो आकडा झाकलेला समजतो, तो पुरता झाकलेला नसतोच. किती गुण मिळाले आणि किती गेले हे पंचवीस-तीस सामने लिहून ठेवा. वहीतला आकडा पाटीच्या वर आहे की खाली, हे साध्या बेरीज-वजाबाकीतून दिसतं.

मी त्याला भाकीत सांगितलं. "आता तू प्लॅटिनमच्या पहिल्या पायरीवर आहेस. अजून दोनएक पायऱ्या उतरशील. सोन्यात पोचलास की मिळणारे आणि जाणारे गुण सारखे होतील आणि घसरण थांबेल. तोपर्यंत चिडायचं नाही, फक्त लिहायचं."

निम्मे सामने का हरतो?

त्याची दुसरी तक्रार याहून जुनी होती आणि ही तक्रार मी नंतर पुष्कळ मुलांकडून ऐकली. "कितीही चांगलं खेळलो तरी शेवटी निम्मे सामने हरतोच. सिस्टीम जिंकूच देत नाही."

मी माझा मोबाइल काढून त्याच्यापुढे ठेवला. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मी ऑनलाइन बुद्धिबळाचे दोन डाव खेळते. माझं रेटिंग सहा वर्षं चौदाशे-पंधराशेच्या आसपास आहे. हजारो डाव झाले. जिंकलेले आणि हरलेले जवळजवळ सारखे. "म्हणजे तू सुधारलीच नाहीस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही. पण मला रोज माझ्या तोडीचा माणूस भेटतो. सोसायटीतल्या गद्रेकाकूंशी खेळले तर दहापैकी दहा जिंकेन आणि चौथ्या दिवशी दोघींनाही कंटाळा येईल."

जोडी लावणारं यंत्र हेच साधायचा प्रयत्न करत असतं. निम्मे सामने हरणं ही शिक्षा नव्हे. आपली जागा सापडल्याची ती खूण आहे. तुमचा खेळ सुधारला, तर काही दिवस तुम्ही निम्म्याहून जास्त जिंकता, मग समोर अधिक चांगले खेळाडू येतात आणि प्रमाण पुन्हा निम्म्यावर येतं. शिडीच्या अगदी टोकाचे आणि अगदी तळाचे सोडले, तर सगळ्यांचं असंच होतं. म्हणून प्रगती जिंकण्याच्या टक्केवारीत शोधायची नसते. आपण कुणाशी निम्मं जिंकतो आहोत, ते पाहायचं असतं.

"आणि माझ्या संघातले बाकीचे वाईट खेळतात त्याचं काय?" खरं आहे, एका सामन्यात चूक दुसऱ्याची आणि गुण आपले जातात. पण मोजून पाहा. तुमच्या बाजूला अनोळखी चार, समोरच्या बाजूला पाच. मध्येच खेळ सोडून जाणारा एखादा बेजबाबदार त्या नऊ जणांत असेल, तर तो समोर असण्याची शक्यता नवात पाच, तुमच्याकडे असण्याची नवात चार. एका सामन्यात नशीब, शंभर सामन्यांत हिशेब. त्या शंभरही सामन्यांत हजर असलेला माणूस एकच, आपण स्वतः.

किताब राहतो, आकडा हलतो

संध्याकाळी चहाच्या वेळी विषय दिव्या देशमुखचा निघाला. नागपूरच्या या एकोणीस वर्षांच्या मुलीने २८ जुलैला, म्हणजे जेमतेम आठवड्यापूर्वी, जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला होता आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली होती. भाच्याने मोबाइलवर पाहून विचारलं, "पण मावशी, तिचं रेटिंग तर अडीच हजाराच्या आत आहे. ग्रँडमास्टरला अडीच हजार लागतात ना?"

प्रश्न अगदी नेमका होता. एरवी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. पण हा विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो, असा नियम आहे. आणि किताब एकदा मिळाला की तो जन्मभराचा. आपल्या मुंबईच्या प्रवीण ठिपसेंना तो १९९७ साली मिळाला. भारताचे ते तिसरे ग्रँडमास्टर. पुढे रेटिंग वर-खाली झालं तरी किताब तसाच राहतो. किताब तुम्ही काय करून दाखवलंत ते सांगतो. रेटिंग तुम्ही उद्या काय कराल याचा अंदाज सांगतं. दोन्ही खरे, पण प्रश्न वेगवेगळे. घोटाळा होतो तो एकाला दुसरं समजल्यावर. विकत घेतलेल्या हिऱ्यात तर दोन्ही नव्हतं. करून दाखवलेलंही काही नाही आणि उद्याचा अंदाजही नाही.

आणि अंदाजाचा आकडा तरी किती पक्का? मार्च २०२४ मध्ये 'फिडे'ने दोन हजारांखालच्या खेळाडूंचं रेटिंग एका फटक्यात वर नेलं, कारण वर्षानुवर्षं ते आकडे खाली खाली घसरत चालले होते. १५०० वाला एका रात्रीत १७०० झाला. त्या रात्री त्याला एकही नवी चाल सुचली नव्हती. फूटपट्टीच सरकवली होती.

१९८१ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर आशियाई महिला विजेती झाली, तेव्हा मी कॉलेजात होते. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींमुळे आमच्यासारख्या किती मुलींनी पट मांडला असेल! आम्ही आंतरमहाविद्यालयीन सामने खेळलो, हरलो, जिंकलो. आम्हाला रेटिंगबिटिंग काही नव्हतं. आपण किती पाण्यात आहोत हे कळावं असं तेव्हा फार वाटे. आज मुलांना ते प्रत्येक सामन्यानंतर कळतं, तर त्यांना तेच जड होतं. आकडा नसण्याचं दुःख वेगळं, आकडा सतत डोळ्यांपुढे असण्याचं वेगळं.

गणपतीत भाचा मुलुंडला आला, तेव्हा वही सोबत होती. शेवटच्या दहा सामन्यांत जिंकल्याचे सतरा-अठरा, हरल्याचे सतरा-अठरा. सोन्याची तिसरी पायरी. म्हणजे पैसे देण्याआधी जिथे होता त्याच्याही एक पायरी वर. माझं भाकीत एका पायरीने चुकलं होतं आणि त्याचा मला फार आनंद झाला. दुपारी आरती झाल्यावर तो स्वतःच आजीजवळ जाऊन बसला आणि तीन हजारांची गोष्ट सांगून टाकली. आई ८६ वर्षांची आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, तीन हजारांत हिरा देतो म्हणाला तेव्हाच कळायला नको?" मग ताटात आणखी एक मोदक वाढला.

आईवडिलांना दोन शब्द सांगते. बहिणीने मला काळजीने विचारलं होतं, "हा जुगार तर नाही ना?" पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कायद्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना, त्याच कायद्याने वेगळं स्थान दिलं. तेव्हा पैसे लावणं आणि पायरी चढणं यात फरक आहे. पण पायरीसाठी कुणाला पैसे आणि पासवर्ड देणं हा फसण्याचाच रस्ता. बहुतेक खेळांच्या नियमांत अकाउंट दुसऱ्याला देण्याला मनाई असते, अकाउंट बंदही होऊ शकतं. हे मुलांना माहीत असतं. सांगायची सोय घरात हवी.

आणि मूल म्हणालं की माझी रँक गेली, तर "त्यात काय एवढं" म्हणू नका. त्याच्याजवळ बसून विचारा, किती गुण मिळतात, किती जातात? वही काढा. उद्या प्रवेशाची यादी येईल, मग सीईटीचा पर्सेंटाइल येईल, पुढे कचेरीतली श्रेणी येईल. प्रत्येक ठिकाणी एक पाटी असेल आणि मागे कुठेतरी एक वही. पाटी पाहून हुरळायचं नाही, पाटी पाहून खचायचंही नाही आणि दोन्ही आकडे आपला एक अंदाज आहेत, आपण स्वतः नव्हे, एवढं ज्याला सोळाव्या वर्षी कळलं त्याचे ते तीन हजार अगदीच वाया गेले असं मी म्हणणार नाही.

भाचा अजून खेळतो. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, आज पाचपैकी तीन हरलो." मी विचारलं, "समोर कोण होते?" म्हणाला, "प्लॅटिनमवाले." आवाजावरून कळत होतं, जेवण झालेलं होतं.